प्रश्न आधी, पुस्तक नंतर : मुलांना शरीर आणि जीवसृष्टी पुस्तकांतून दाखवताना

मुलाचा पहिला दात हलायला लागला, की शरीरावरचं पुस्तक घरात आणायला त्याहून चांगला दिवस नाही. सहा-सात वर्षांचं मूल दिवसभर जिभेनं तो दात हलवत बसतं, आरशात बघतं, रक्त येईल का म्हणून घाबरतं. अशा वेळी जबड्याचं चित्र उघडावं आणि दाखवावं : हा बघ खालचा नवा दात, तो वर यायला लागला म्हणून दुधाच्या दाताचं मूळ विरघळलं, आता तो नुसता हिरडीला धरून आहे. दुधाचे दात २०, पुढे कायमचे ३२. मूल लगेच बोटानं स्वतःचे दात मोजायला लागतं. तेच पुस्तक वाढदिवसाला चकचकीत कागदात गुंडाळून दिलं असतं, तर चार चित्रं बघून कपाटात गेलं असतं.

सोलापुरात मुलांबरोबर वाचताना माझं मत पक्कं झालं आहे, की जीवशास्त्र आणि आरोग्याच्या पुस्तकांचा क्रम मुलाच्या प्रश्नांनी ठरवावा, अनुक्रमणिकेनं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १ : प्रश्नांची वही

एक साधी वही स्वयंपाकघरात खिळ्याला दोरीनं अडकवून ठेवा. मुलानं शरीराबद्दल, प्राण्याबद्दल, झाडाबद्दल काहीही विचारलं, की ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहायचं. लिहिता येत नसेल तर त्याला चित्र काढू द्या. उचकी का लागते? शेंगाचटणी तिखट लागली की नाकातून पाणी का येतं? आजोबांच्या हाताच्या शिरा निळ्या का दिसतात? मेलेल्या मुंगीला बाकीच्या मुंग्या कुठे नेतात?

उत्तर येत असलं तरी लगेच देऊ नका. आधी विचारा, 'तुला काय वाटतं?' आणि तो अंदाज प्रश्नाखाली लिहून ठेवा. अंदाज लिहिलेलं मूल पुस्तक वेगळ्या नजरेनं वाचतं, कारण आपलं बरोबर की चूक हे त्याला शोधायचं असतं. नाकातल्या पाण्याचा अंदाज बहुतेक मुलं 'मसाला नाकात जातो' असा करतात. पुस्तकात त्यांना सापडतं, की मिरचीतला कॅप्सेसिन नावाचा पदार्थ उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवतो, म्हणून तोंड भाजल्यासारखं वाटतं आणि ते धुऊन टाकायला शरीर नाका-डोळ्यांतून पाणी सोडतं.

आपल्या गावात मराठीच्या शेजारी तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं आहेत. वहीतला प्रश्न मुलाच्या घरच्या बोलीत असू द्या. शाळेचा शब्द नंतर शेजारी लिहिता येतो.

आठवड्यातून एकदा वही उघडायची आणि एकच प्रश्न निवडायचा. निवड मुलाची.

पायरी २ : पुस्तक कुठून आणायचं

विकत घेण्याआधी घरात काय आहे ते बघा. बालभारतीची तिसरी ते पाचवीची 'परिसर अभ्यास' आणि सहावी ते आठवीची 'सामान्य विज्ञान' ही पाठ्यपुस्तकं परीक्षेच्या ओझ्याखाली आपण नीट वाचतच नाही. परीक्षेशिवाय, एखादाच धडा, गच्चीवर बसून वाचला तर तो गोष्टीसारखा वाचता येतो. ही पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, आणि मराठीप्रमाणे उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमांतही असतात. शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या घरात आजीला तेलुगू वाचता येत असेल, तर तोच धडा तिच्या भाषेत उतरवून घ्या. नातू मराठीतून वाचेल, आजी तेलुगूतून, आणि दोघं एकाच चित्रावर बोट ठेवून बोलतील.

लहान मुलांसाठी 'प्रथम बुक्स'चं स्टोरीविव्हर हे मोफत संकेतस्थळ याच कारणानं मला फार उपयोगाचं वाटतं. तिथे गोष्टींना वाचनपातळी दिलेली असते आणि बऱ्याच गोष्टी मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा अनेक भाषांत सापडतात. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीतली विज्ञानाची पुस्तकं आणि टाकाऊ वस्तूंतून करायचे प्रयोग आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची पातळ, स्वस्त पुस्तकं ग्रंथप्रदर्शनात मिळाली तर जरूर घ्या. पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी मराठी विश्वकोश मंडळाच्या कुमार विश्वकोशाचा 'जीवसृष्टी आणि पर्यावरण' हा खंड ग्रंथालयात बसून चाळायला द्यावा. तो सलग वाचायचा नसतो, हे मात्र आधी सांगा.

ग्रंथालयाचं सभासदत्व मुलाच्या नावानं काढा. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्थेत किंवा जिल्हा ग्रंथालयात मुलाला स्वतः जाऊन विचारू द्या, 'हाडांवरचं पुस्तक आहे का?' कपाटासमोर उभं राहून पुस्तक निवडणं हा शिकण्याचाच भाग आहे.

पायरी ३ : दहा मिनिटांत पुस्तक पारखणं

आरोग्याच्या पुस्तकात चूक असली की ती मुलाच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहते. म्हणून हातात घेतल्यावर आधी प्रकाशनाचं साल बघा. मग पोलिओ कुठे आला आहे ते शोधा. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पुस्तक त्याआधीचं असेल तर ते टाकू नका, पण समासात पेन्सिलीनं नवी माहिती लिहा, आणि ती मुलाकडून लिहून घ्या.

नंतर तीन जुन्या चुका तपासा. जिभेचा नकाशा, म्हणजे टोकाला गोड, मागे कडू असं वाटून दिलेलं चित्र : हे खरं नाही, जिभेवर जिथे जिथे रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणारे बारीक अवयव, असतात तिथे सगळ्या चवी कळतात. शिरांतलं रक्त निळं असतं, हेही खरं नाही. रक्त नेहमी लालच असतं, प्राणवायू कमी असला की गडद लाल. शिरा निळसर दिसतात ते त्वचेतून प्रकाश ज्या तऱ्हेनं परततो त्यामुळे. (आजोबांच्या हाताचा प्रश्न इथे सुटला.) आणि माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो, हे वाक्य दिसलं तर पुस्तक सरळ परत ठेवा.

जाड-बारीक मुलांची टिंगल करणारी चित्रं असतील, तरी परत ठेवा. वर्गातलं एखादं मूल त्या पानावर स्वतःला बघतं. परदेशी पुस्तकांच्या अनुवादात आहाराचं पान दुधात भिजवलेल्या कॉर्नफ्लेक्सनी आणि बेरींनी भरलेलं असतं. ते पान मुलाला पुन्हा काढायला लावा : मालदांडी ज्वारीची भाकरी, शेंगा, मटकी, मेथी, डाळिंब, दही. कर्बोदक कशात, प्रथिन कशात, लोह कशात, हे त्याच्या ताटावरून शोधू द्या.

पायरी ४ : चित्र वाचायला शिकवा

ही पायरी बहुतेक घरांत राहून जाते. शरीराचं चित्र आपल्याला सरळ वाटतं, मुलाला वाटत नाही. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. मूल त्या चित्राकडे बघून स्वतःच्या उजव्या छातीवर हात ठेवतं. त्याला चित्रासमोर आरशासारखं नाही, पाठमोरं उभं करा, मग बाजू जुळतील. दुसरं, चित्रातली लाल-निळी रंगसंगती ओळखण्यासाठी असते, आतलं शरीर तसं रंगीत नसतं. तिसरं, कापलेला भाग. हृदयाचं 'आतून' चित्र दाखवण्याआधी एक डाळिंब आडवं आणि एक उभं कापून ठेवा. एकच फळ दोन तऱ्हांनी कापलं की आत किती वेगळं दिसतं, हे बघितलेलं मूल छेदाचं चित्र पुन्हा चुकत नाही.

मग पुस्तक गच्चीवर न्या. मुलाला फरशीवर झोपवून खडूनं त्याच्याभोवती रेघ मारा. हृदय त्याच्या स्वतःच्या मुठीएवढं काढायचं, छातीच्या मधोमध, किंचित डावीकडे झुकलेलं. मूत्रपिंडं पाठीच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांजवळ. लहान आतडं मोठ्या माणसात सुमारे ६ मीटर लांब असतं. तेवढं सूत मोजून घ्या, यंत्रमागाच्या गावात सुताला तोटा नाही. ते सगळं खडूच्या पोटात बसवायला सांगा. घड्या घातल्याशिवाय ते बसत नाही, आणि आतडं वेटोळं का असतं हे सांगावं लागत नाही.

हृदयाचा धडा वाचायच्या दिवशी जाड कागदाची नळी करून मुलाच्या छातीला लावा. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरनं कागदाची गुंडाळी करूनच रुग्णाचं हृदय ऐकलं होतं, स्टेथोस्कोपची सुरुवात तिथून झाली. मुलाला मनगटावरची नाडी १५ सेकंद मोजायला सांगून चारनं गुणा, मग जिना दोनदा चढून आल्यावर पुन्हा मोजा. आजीची, भावाची, बाबांची मोजा. लहान मुलाचे ठोके मोठ्यांपेक्षा जास्त येतात, तेव्हा नवा प्रश्न वहीत जातो.

पायरी ५ : पुस्तकातून बॅरलपर्यंत

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून घरोघरी बॅरल, हौद, टाक्या भरलेल्या असतात. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. म्हणजे डासाच्या जीवनचक्राचा धडा आपल्या मुलांना पाठ करायची गरज नाही, तो त्यांच्या न्हाणीघरात चालू असतो.

आधी पुस्तकातलं पान वाचा : अंडी, अळी, कोष, डास. चार चित्रं वहीत काढून घ्या. मग मोठ्या माणसानं बॅरलमधून काचेच्या बरणीत थोडं पाणी घ्यावं आणि तोंडाला पातळ मलमलचं फडकं घट्ट बांधावं. अळ्या असतील तर त्या डोकं खाली करून पृष्ठभागाला लटकलेल्या दिसतात, कारण त्या शेपटीकडच्या नळीनं श्वास घेतात. बरणीला टिचकी मारली की वळवळत खाली जातात आणि श्वासासाठी पुन्हा वर येतात. मलेरियाच्या ॲनोफेलिस डासाची अळी पाण्याला समांतर आडवी तरंगते, हा फरक मुलांना भिंगातून ओळखायला फार आवडतो. स्वल्पविरामासारखे वाकलेले कोष दिसले, की प्रयोग त्याच दिवशी थांबवा. एक-दोन दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. बरणीतलं पाणी कोरड्या, तापलेल्या जमिनीवर ओतून टाका, गटारात नको.

आता मुलाला विचारा, बॅरल नुसतं रिकामं करून पुन्हा भरलं तर चालेल का? बहुतेक जण 'हो' म्हणतात. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवते, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी चढलं की फुटतात. म्हणून भांडं आतून घासावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला अनुकूल हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा एक दिवस कोरडा पाळायचा. 'आठवड्यातूनच का?' याचं उत्तर मुलाला त्या चार चित्रांत मिळतं. पुढच्या वेळी पाणी यायच्या आदल्या दिवशी बॅरल घासायची आठवण तेच करून देतं. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरात पाणी तपासायला येतात, तेव्हा मुलाला त्यांच्याबरोबर फिरू द्या. ते काय शोधतात आणि पाण्यात काय टाकतात, हे त्याला विचारू द्या.

डास आणि मलेरियाचा संबंध २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी उघड केला. ॲनोफेलिस डासाच्या जठरात त्यांना मलेरियाचे परजीवी दिसले. सोलापूरहून रेल्वेनं हैदराबाद-सिकंदराबादला आपली किती माणसं जातात! मुलाला नकाशावर ते अंतर बोटानं मोजू द्या.

पायरी ६ : जंतू म्हणजे शत्रू, एवढंच नको

मुलांच्या पुस्तकांत जंतूंना शिंगं, सुळे आणि लाल डोळे असतात. हात धुवायला लावण्यापुरतं ते चालतं, पण मुलाच्या मनात प्रत्येक जंतू राक्षस होऊन बसतो. तेव्हा त्याच आठवड्यात विरजण लावा. दोन वाट्या कोमट दूध, एकीत चमचाभर दही, दुसरीत काही नाही. सकाळी फरक बघून मगच पुस्तकातलं जिवाणूंचं पान उघडा.

डाळिंबाची बाग असलेल्या घरातल्या मुलाला तुम्ही काही शिकवायच्या आधी त्यालाच विचारा, तेल्या म्हणजे काय. पानांवर, फळांवर तेलकट डाग, मग फळ तडकतं. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचं कंबरडं मोडणारा हा रोगही एका जिवाणूचाच. झाडंही आजारी पडतात आणि त्यांनाही जिवाणू लागतात, ही गोष्ट शहरातल्या मुलांना त्या मुलाकडून ऐकू द्या. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. शाळेनं पत्र देऊन भेट मागितली तर जीवशास्त्रावर पोट भरणारी माणसं मुलांना प्रत्यक्ष दिसतील.

पायरी ७ : घरातला आजार, घरातलं काम

इथे पुस्तक हातात धरणाऱ्या मोठ्या माणसानं फार जपून बोलायला हवं.

फुप्फुसांच्या धड्यात तंबाखू येतेच. सोलापुरात ज्या मुलाची आई विड्या वळते, त्याच्यासमोर 'तंबाखू वाईट' असं मोठ्यानं वाचून पुढे जाणं क्रूर आहे. ते मूल त्या वाक्यात आईचं काम ऐकतं. तंबाखूची धूळ श्वासातून आत जाते, हातांच्या त्वचेतूनही निकोटिन शरीरात जातं, म्हणून काम करताना खिडकी उघडी हवी, तोंडाला फडकं हवं, आणि जेवणाआधी हात साबणानं धुवायला हवेत, असं वाचा. मुलाला आईसाठी काही करता येईल अशी माहिती द्या. तिच्या कष्टांबद्दल आदर ठेवून बोललं, तर हा धडा घरी पोचतो.

कानाच्या धड्याचंही तसंच. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या मुलाला तो आवाज ऐकूच येत नाही असं वाटतं, इतकी सवय झालेली असते. आतल्या कानात शंखासारख्या भागात बारीक केस असलेल्या पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास कानावर पडला तर धोका सुरू होतो. कारखान्यात काम करणाऱ्या वडिलांना इअरप्लग वापरायला सांगणारा मुलगा मोठ्या माणसाहून जास्त ऐकला जातो.

एप्रिल-मे मध्ये घामाचं आणि पाण्याचं प्रकरण काढा. जुलाब झाल्यावर द्यायचं मीठ-साखरेचं पाणी मुलाकडूनच करून घ्या : १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मोठा चमचा नको, चहाचा. हे प्रमाण पाठ असायला हवं, कारण मीठ जास्त झालं तर अपाय होतो. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पटकीच्या (कॉलराच्या) हजारो रुग्णांना अशाच द्रावणावर जगवलं, ही हकीकत सोबत सांगा. आणि हेही सांगा, की मूल मलूल झालं, पाणी पिईना, लघवी होईना, तर पुस्तक मिटून दवाखाना गाठायचा. पुस्तक वाचून औषध कुणीही ठरवायचं नाही.

पायरी ८ : वयात येण्याची पुस्तकं

मुलींमध्ये हे बदल ८ ते १३ आणि मुलांमध्ये साधारण ९ ते १४ या वयात सुरू होतात. म्हणून पुस्तक चौथीतच घरात यावं, पाळी सुरू झाल्यावर नाही. मुलगा आणि मुलगी दोघांनी तेच पुस्तक वाचावं. अवयवांची खरी नावं घ्या, कुजबुजत नाही, नाक-कान म्हणतो त्याच आवाजात. ज्या मुलाला अवयवाचं नाव माहीत असतं, ते नको असलेला स्पर्श झाल्यावर नीट सांगू शकतं. पुस्तकाच्या आतल्या पानावर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक लिहून ठेवा.

लाजऱ्या मुलाबरोबर शेजारी बसून वाचायचा हट्ट नको. पुस्तक त्याच्या उशाशी ठेवा, प्रश्नांची वही तिथेच ठेवा. उत्तरही लिहूनच द्या.

पायरी ९ : माळावर, तळ्यावर

वाघ-सिंहाच्या आधी आपला माळ. बार्शी रस्त्यावर नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. माळढोक हा जगातल्या सगळ्यात जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. मादी बहुतेक वेळा एका हंगामात एकच अंडं घालते, तेही जमिनीवर. हे एवढं वाचल्यावर तो कमी का होत गेला, याचा अंदाज मुलांना वहीत लिहायला सांगा. तो दिसणं आता फारच दुर्मिळ आहे, हे मुलांपासून लपवू नका. काळवीट मात्र दिसतात, नशीब असेल तर लांडगाही. वन विभागाकडे आधी चौकशी करून पहाटे जा. पुस्तकातलं अन्नसाखळीचं पान सोबत न्या : गवत, नाकतोडा, सरडा, शिकारी पक्षी. ज्या जमिनीला आपण 'पडीक' म्हणतो तिथे काय काय जगतं, याची यादी मुलं स्वतः करतात.

हिवाळ्यात हिप्परगा तलावावर पक्षी बघायला जाताना पक्ष्यांचं चित्रमय पुस्तक एकच न्या, सगळ्यांनी मिळून एकात शोधायचं. सगळ्यांच्या हातात पुस्तक असलं की कुणी पक्ष्याकडे बघत नाही.

चरित्रं शेवटी द्या, शरीराची ओळख झाल्यावर. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, युद्धात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच, वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. त्यांच्या घराचं स्मारक आपल्याच गावात आहे. रक्त किती, जखम कशी भरते, उपकरणं उकळायची कशासाठी, हे वाचून झालेलं मूल तिथे गेलं तर छायाचित्रांसमोर थांबून प्रश्न विचारतं.

ज्या प्रश्नांना पुस्तकात उत्तर नाही

असे प्रश्न उरणारच. त्यांना वहीच्या मागच्या बाजूला वेगळं पान द्या. सर्दी-तापासाठी दवाखान्यात जाल तेव्हा त्यातला एक प्रश्न चिठ्ठीवर उतरवून मुलाच्या हातात द्या आणि तपासणी झाल्यावर त्यालाच विचारू द्या. डॉक्टर गर्दीत असतील तर चिठ्ठी ठेवून या, पुढच्या वेळी उत्तर घ्या. शेतीचे प्रश्न कृषी सहायकाला, जनावरांचे पशुवैद्याला, लशींचे आशाताईंना विचारा. मिळालेलं उत्तर सांगणाऱ्याच्या हुद्द्यासकट वहीत लिहा. महिनाभरानं ग्रंथालयात जाल तेव्हा ते मागचं पान सोबत असू द्या, पुढचं पुस्तक त्यावरून निवडता येईल.